उरलेला स्क्रू

आमच्या घराण्यात यंत्र उघडण्याची हौस पिढीजात आहे. ते पुन्हा बंद करण्याची विद्या मात्र कुणालाच वश झालेली नाही. आठव्या वर्षी मी वडिलांचा रेडिओ उघडला. जोडल्यावर एक स्क्रू उरला आणि रेडिओचा आवाज कायमचा बसला. वडिलांचा मात्र सबंध चाळीने ऐकला.

त्यामुळे परवा वाढदिवसाला दिलेली रेडिओवर चालणारी मोटार नातू दुसऱ्याच दिवशी सतरंजीवर सुटी करून बसलेला दिसला, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला.

"आबा, हे खेळणं नाही. ही हॉबी-ग्रेड आहे. उघडायचीच असते!"

हात खाली घेऊन मी चष्मा लावला. साधी खेळण्यातली मोटार मोडली की माळ्यावर जाते. हिचा गिअर तुटला तर तेवढा गिअर सुटा मिळतो. म्हणून घेताना रंग नाही, सुटे भाग मिळतात की नाही ते बघायचं. मुलगी देतानाही आम्ही एवढी चौकशी केली नव्हती.

चालवणं मात्र मला जमेना. मोटार आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की तिचं डावं ते आपलं उजवं होतं. पहिल्याच फेरीत मी गच्चीवरची तुळस धारातीर्थी पाडली. वर्तमान हाताबाहेर गेला की माणूस इतिहासाकडे वळतो, मीही वळलो.

या विद्येचा मूळपुरुष निकोला टेस्ला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हौदातली छोटी होडी तारेवाचून चालवून दाखवली. मोटारीचं बारसं पुढे इटलीत झालं. एल-जी नावाच्या कंपनीने १९६६ साली एक-बारांश आकाराची फेरारी आणली.

पण माझा जीव जडला तो जपानातल्या शिझुओकाच्या तामिया मंडळींवर. मूळचा धंदा लाकडाचा. त्यातून लाकडी मॉडेलं, मग प्लॅस्टिकची. पोर्श ९३४ चं मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून या सद्गृहस्थांनी चक्क खरी पोर्श ९११ विकत घेतली. फिरायला नव्हे, खोलायला! खोलली, मापं घेतली, आणि मग ती काही केल्या जोडता येईना. शेवटी पोर्शच्या जाणकारांना बोलवावं लागलं. त्याच मॉडेलात रेडिओ बसवून १९७६ साली तामियाची पहिली रेडिओ-मोटार बाजारात आली.

वाचून मला गहिवरून आलं. म्हणजे आमचं घराणं एकटं नव्हतं तर!

एवढ्यात सतरंजीवरून बारीक आवाज आला, "आबा... एक स्क्रू उरलाय."

मी खाली बसलो. पुस्तिकेत प्रत्येक स्क्रूचं चित्र, माप, नंबर. सगळी मोटार पुन्हा उघडली. रात्री साडेअकराला स्क्रू आपल्या घरी गेला.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. रेडिओ बिघडला त्या रात्री सगळे झोपल्यावर वडील गुपचूप तो उघडून बसले होते. गोधडीच्या फटीतून मी पाहत होतो. हाक मारली असती तर त्यांनी जवळ बसवून घेतलं असतं, असं आता वाटतं.

सकाळी खिडकीत दोन स्क्रू होते.