सात डॉक्टरांमागे एक परिचारिका

१८८३ च्या डिसेंबरात डॉ. एडिथ पीची मुंबईत दाखल झाल्या. मुंबईत व्यापार करणारे अमेरिकन गृहस्थ जॉर्ज किट्रेज आणि पारशी सुधारक सोराबजी शापुरजी बंगाली या दोघांनी विलायतेहून स्त्री डॉक्टर आणायचीच, असा चंग बांधला होता. त्यासाठी त्यांनी शहरात वर्गणी जमवली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. ग्रँट मेडिकल कॉलेजनेही १८८३ मध्येच मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली.

पीचीबाई टक्केटोणपे खाऊन आलेल्या होत्या. १८६९ मध्ये एडिनबरो विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या पहिल्या सात विद्यार्थिनींपैकी त्या एक. रसायनशास्त्राची शिष्यवृत्ती त्यांनी गुणांवर मिळवली होती, पण ती त्यांना नाकारून खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तर सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. परीक्षा चालू असताना दालनात एक मेंढी सोडण्यात आली. इतकं सोसूनही एडिनबरोने पदवी दिली नाही ती नाहीच. पुढे डब्लिनमधून परवाना घ्यावा लागला.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या इंग्लिश बाईला अडवणाऱ्यांकडे एक तयार उत्तर असे: रुग्णसेवेचीच ओढ असेल तर परिचारिका व्हा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये परिचारिकांची शाळा काढली आणि या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. स्त्री डॉक्टरांबद्दल मात्र स्वतः नाइटिंगेल बराच काळ थंड होत्या. शाळा निघाली त्याच वर्षी एलिझाबेथ गॅरेट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये परिचारिका म्हणून काम करू लागल्या, पण त्यांचा डोळा डॉक्टरकीवर होता. वॉर्डातून त्या शिकवणीच्या वर्गांपर्यंत पोचल्या. विद्यार्थ्यांनी तक्रार केली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. नियमातली एक फट हेरून १८६५ मध्ये त्यांनी अपोथेकरी संस्थेचा डॉक्टरकीचा परवाना मिळवला, आणि संस्थेने लगोलग ती फट बुजवली. तिथे परिचारिकेचं दार उघडं होतं आणि डॉक्टरचं बंद.

आपल्याकडे झालं ते नेमकं उलटं.

परपुरुषाने नाडी पाहणंसुद्धा जिथे अवघड, त्या घरांत आजारी बाईला वाचवायचं तर स्त्री डॉक्टर हवी, हा मुद्दा कर्मठांनाही खोडता येत नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना तो ठामपणे मांडला. त्या स्वतः वैद्यक शिकायच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या, पण बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात अमेरिकेला जाण्याचं हेच कारण सांगितलं. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेल्याचं दुःख त्यांच्यापाठी होतं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली होती, पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय अवघं एकवीस.

एकवीस वर्षांच्या त्या आयुष्याने पुढच्या कित्येक मुलींची वाट मोकळी केली, हे निःसंशय. मराठी घरात ‘आमची मुलगी डॉक्टर होणार’ हे वाक्य अभिमानाने उच्चारता येऊ लागलं. नवऱ्याकडे नांदायला जाण्याच्या कोर्टाच्या हुकमाला नकार देऊन तुरुंगाची तयारी दाखवणाऱ्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेल्या, त्यात पीचीबाईंचा आधार होता. परतल्यावर सुरत आणि राजकोटात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ काम केलं.

परिचारिकेच्या वाट्याला असा अभिमान आला नाही. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या निधीच्या उद्दिष्टांत स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी या तिघींचंही शिक्षण होतं. कागदावर तिन्ही कामं शेजारी शेजारी बसली, समाजात मात्र त्यांच्यात जातीच्या भिंती होत्या. बाळंतपणातलं रक्त, नाळ, मळलेले कपडे हे सारं विटाळाचं. सुईणपण बहुतेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींकडेच होतं. परिचारिकेला तर परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, बेडपॅन उचलायचं आणि रात्रपाळीला घराबाहेर राहायचं. त्यामुळे सुरुवातीच्या वॉर्डांत प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती मुली दिसत. डॉक्टरही रक्तात हात घालत असे, पण इंग्रजी पदवीने तो विटाळ धुऊन निघाला. डॉक्टर की परिचारिका ही निवड आवडीची कमी आणि जात, इंग्रजी, फी आणि घरातला पुरुष यांची जास्त होती.

पीचीबाईंनी कामा हॉस्पिटलमध्ये परिचारिकांचं प्रशिक्षणही सुरू केलं. १८९१ मध्ये मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगची पुस्तकं पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून देतात. आनंदीबाईंवर १८८८ मध्येच अमेरिकेत चरित्र निघालं, पुढे मराठीत श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली, २०१९ मध्ये चित्रपटही आला. काशीबाईंची बोळवण पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीवर झाली आहे. हा अन्याय नाही तर काय?

१८९७ च्या पुण्यातल्या प्लेगात मायलेकांनी ही दोन्ही कामं एकत्र केली. हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याजवळ कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं, पण परिचारिका म्हणजे काय हे त्या पाठीने दाखवून दिलं.

पांढरपेशा घरांत परिचारिकेच्या कामाची कोंडी फुटायला रमाबाई रानडे यांचं पुणे सेवासदन यावं लागलं. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने काही वर्षांतच आपल्याकडच्या बायकांना ससून हॉस्पिटलमध्ये परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं. त्यात विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. दिराच्या घरी धुणीभांडी करत आयुष्य काढायचं, की वॉर्डात उभं राहून पगार घ्यायचा, असा त्यांच्यापुढचा सवाल होता. डॉक्टर होण्याइतकं शिक्षण, वय आणि पैसा त्यांतल्या बहुतेकींपाशी नव्हता. परिचारिकेचा अभ्यास आवाक्यात होता. लोक नावं ठेवत, टिंगल करत. केशवपन केलेली बाई परक्या पुरुषाला औषध पाजते, हे पेठांतल्या अनेकांच्या पचनी पडत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी म्हणून असलेला मान रमाबाईंनी या मुलींच्या पाठीशी उभा केला. त्यांनी केलेल्या कामांतलं हे सर्वांत धाडसाचं, असं म्हणायला हवं. शाळा काढणाऱ्या बाईला लोक आता नमस्कार करू लागले होते. सवर्ण विधवेला बेडपॅन उचलायला शिकवणाऱ्या बाईला नव्हे.

तरीही अंतर भरलं नाही. नाइटिंगेल यांच्या देशात परिचारिका डॉक्टरांहून कितीतरी जास्त होत्या. इथे १९४६ च्या भोर समितीच्या आरोग्यविषयक अहवालात हिशेब निघाला तो असा: सुमारे ४७,५०० डॉक्टर आणि परिचारिका जेमतेम ७,०००. म्हणजे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. ऑपरेशन करणारे हात सापडत होते. ऑपरेशननंतर रात्रभर रोग्याच्या उशाशी जागणारे सापडत नव्हते.

अधिकृत मान्यताही उशिराच आली. मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. नर्सिंगच्या पदवीचे पहिले अभ्यासक्रम १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला निघाले. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय उघडलं ते १९६४ मध्ये, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार मुलींना उघडल्यानंतर तब्बल ८१ वर्षांनी.