वर चढणारं पित्त

तीन वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात ऐन मक्त्याला माझा आवाज बसला. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि विचारलं, ‘‘रात्री जेवल्यावर किती वेळानं आडवे होता?’’ मी घोरपडे पेठेतला माणूस. वर्षभर अमृततुल्यचा चहा आणि रमजानात इफ्तारची भजी. छातीतली जळजळ मला कधी तक्रार वाटलीच नव्हती. अम्मी त्यावर थंड दूध द्यायची.

मग अप्पा बळवंत चौकातून ‘माधवनिदाना’चं मराठी भाषांतर आणलं. साधारण तेराशे वर्षांपूर्वी माधवकरानं हा रोगलक्षणांचा ग्रंथ रचला आणि अम्लपित्ताला त्यात स्वतंत्र प्रकरण दिलं. कडू-आंबट ढेकर, छातीत नि घशात दाह, अन्नावरची वासना उडणं. वाचताना वाटलं, हा गृहस्थ माझ्या उशाशी बसून लिहितोय. अम्लपित्त म्हणजे तंतोतंत आजचा रिफ्लक्स नव्हे. पण त्याचा एक प्रकार तो ‘ऊर्ध्वग’ म्हणजे वर जाणारा सांगतो, तो शब्द मनात राहिला.

वर का जातं, हे कळायला मात्र फार काळ लागला. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हेच विल्यम प्राऊटनं इंग्लंडमध्ये १८२४ साली दाखवलं. अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या मजुराच्या पोटाला १८२२ मध्ये बंदूक लागून भोक पडलं, ते बुजलंच नाही. बोमाँट हा लष्करी डॉक्टर त्यातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडी आणि काही वेळानं ओढून पाही. पचनशास्त्र पुढं गेलं खरं. मला मात्र त्या मजुराचीच कणव येते. पुढं १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या विंकेलस्टाइननं जठररसानं अन्ननलिका सुजते, असं मांडलं. म्हणजे जठरात आम्ल असणं हा दोष नव्हेच. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची झडप असते. ती नको तेव्हा सैल पडली, की आम्ल वर येतं.

सिमेटिडिन १९७६ मध्ये आलं, ओमेप्राझोल १९८८ मध्ये. या गोळ्या आम्ल घटवतात, झडप घट्ट करत नाहीत. मी मात्र कुणालाही न विचारता त्या वर्षानुवर्षं घेत राहिलो.

आमच्या भाईजाननं तर छातीतलं दुखणं पित्ताचं समजून रात्रभर सोडा घेतला. दुखणं हृदयाचं होतं. सकाळ त्यानं पाहिली नाही. म्हणून सांगतो: छातीत दाब, घाम, हातात वा जबड्यात कळ आली तर थेट रुग्णालय गाठा. घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, आपोआप उतरणारं वजन, यांतही घरगुती उपाय करत बसू नका.

माझ्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली आता विटा आहेत. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. कमरेत वाकलं की पोटावर दाबच येतो. निजतो डाव्या कुशीवर, जेवतो दिवेलागणीला. शेजारचे जैन काका परवा जिन्यात भेटले. म्हणाले, ‘‘अजून तासभर अलीकडे या, मग पंगतीला बसवतो!’’