पाच उद्याने आणि परळची चाळ: दादर-माटुंग्याच्या सावलीचा इतिहास

मुंबईत दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरून खोदादाद सर्कल ओलांडले, की शहराचा गलका एकाएकी मंदावतो. रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडे, रस्त्यापासून थोडी मागे सरकून उभी असलेली बुटकी घरे आणि पुढे ‘फाइव्ह गार्डन्स’ या नावाने ओळखली जाणारी पाच उद्याने. पहाटे येथे फिरायला येणाऱ्यांची रीघ लागते. ही हिरवाई जंगलाचा उरलेला तुकडा नव्हे, की कुणा धनिकाची हौसही नव्हे. तिचे मूळ प्लेगमध्ये आहे.

सप्टेंबर 1896. धान्याच्या वखारींनी गजबजलेल्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली. गिरण्यांना कामगार मिळेनात, बाजार ओस पडले. साम्राज्याचे एवढे मोठे बंदर धोक्यात आल्यावर सरकार खडबडून जागे झाले आणि 1898 च्या कायद्याने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला.

ट्रस्टची मूळ धारणा साधी होती. रोग कोंदट हवेत आणि अंधाऱ्या खोल्यांत पोसला जातो. म्हणून वस्त्या फोडा आणि समुद्राचा वारा आत येऊ द्या. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्तीतून असे आरपार काढले गेले, ते याच हेतूने. गंमत अशी, की त्याच 1898 साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, असे मांडले होते. ते सर्वमान्य व्हायला आणखी दशकभर लागले. तोवर शहराची नवी आखणी वाऱ्याच्या भरवशावर सुरूही झाली होती.

पाडापाडीचा भार कोणावर पडला, हे सांगायला नकोच. सुरुवातीच्या दोन दशकांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. बेघर झालेली गरीब कुटुंबे शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने शिरली. म्हणजे गर्दी हटवण्याच्या मोहिमेने गर्दी फक्त दोन गल्ल्या पलीकडे सरकवली.

यावर ट्रस्टचे दुसरे उत्तर होते उत्तरेकडे. दादर-माटुंगा तेव्हा शहराबाहेरचा मुलूख होता: भातखाचरे, वाड्या, लहान गावठाणे. ही जमीन सक्तीने संपादित करून तेथे आधी रस्ते, गटारे आणि उद्याने आखली गेली. घरे नंतर आली. भारतीय शहरांत हा क्रम आजही दुर्मीळच.

घरांसाठीही नियम होते. त्यांतला सर्वांत रंजक म्हणजे 63½ अंशांचा. इमारतीची उंची आणि तिच्यासमोरची मोकळी जागा यांचे प्रमाण या कोनाने ठरे. शाळेतील त्रिकोणमिती आठवावी: या कोनाच्या ‘टॅन’चे मूल्य जवळजवळ 2 येते. म्हणजे मोकळी जागा जितकी रुंद, त्याच्या दुपटीपर्यंतच भिंत उंच. तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा तुकडा पोहोचला पाहिजे. दादरच्या सावलीमागे असे रूक्ष गणित आहे.

मंचेरजी जोशी या पारशी अभियंत्याने या योजनेत वेगळी संधी पाहिली. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी 103 भूखंड राखून ठेवण्यास त्यांनी ट्रस्टला राजी केले. रस्त्यागणिक झाडे वेगळी असावीत, इतका बारीक विचार त्यांनी केला होता. फिरदौसी रोडवर महोगनी, तर जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. मुंबईतील इतर पारशी बागांना कुंपण आणि दरवाजा असतो, या कॉलनीला नाही. पाच उद्यानांना आज जोशींचेच नाव आहे.

भूखंड मात्र लगेच उचलले गेले नाहीत. कचेऱ्या दक्षिणेला, आणि इतक्या लांब राहायला जायचे कोणी? पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ट्राम किंग्ज सर्कलपर्यंत आली, माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले कारकून आणि हिशेबनीस स्थिरावले, हिंदू कॉलनीत मराठी आणि गुजराती मध्यमवर्ग आला. वस्ती पगारदारांची झाली आणि जातीपातींच्या, समाजांच्या ओळींनी ती वाटलीही गेली. मांडवीतून, नागपाड्यातून उठवलेल्या हमालांच्या वाट्याला या झाडांची सावली सहसा आली नाही.

त्यांच्यासारख्यांसाठी ट्रस्टने बांधल्या त्या चाळी: एकेक खोली, समोर सामाईक व्हरांडा, नळ आणि संडास सर्वांत मिळून. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत 1912 पासून भीमराव आंबेडकरांचे कुटुंब राहत होते. परदेशातील शिक्षणाची वर्षे वगळता बाबासाहेबांची सुमारे दोन दशके येथे गेली. महाडच्या 1927 च्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांचा पत्ता हाच होता आणि गोलमेज परिषदेच्या काळातही.

मग 1930 च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. घराच्या आराखड्यात ग्रंथालयाचा विचार आधीपासून होता, कारण चाळीच्या खोल्यांत पुस्तके मावत नव्हती. पाच उद्याने तेथून पायी हाकेच्या अंतरावर. 1917 मध्ये बडोद्यात ज्यांना जात कळताच पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेले होते, त्यांचे घर आता पारशी कॉलनीच्या शेजारी उभे होते.

परळची चाळ आणि दादरची ही वसाहत, दोन्ही एकाच ट्रस्टची निर्मिती. अंतर काही किलोमीटरचे. तरी ते पार करायला कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टरी आणि वीसेक वर्षे लागली. चाळीतील बहुतेक शेजाऱ्यांना ते कधीच पार करता आले नाही.

रमाबाई आंबेडकरांच्या संसाराची बहुतेक वर्षे परळमध्येच गेली. त्यांची चार अपत्ये बालपणीच दगावली होती आणि त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावलेली होती. राजगृहात राहायला आल्यावर फार काळ गेला नाही. 27 मे 1935 रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले.