‘नापास’चा इतिहास आणि आमची सहा मिनिटांची फिल्म

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहायच्या ठरवल्या होत्या. पहाटेची धावपळ, प्रार्थना, श्रमदानाचा शनिवार, वाडेगव्हाण फाट्यावर एसटीची वाट बघत घालवलेले तास. पण हे सगळं आपल्या बॅचमधलं कुणीतरी लिहिणारच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणार. म्हणून गेल्या वर्षी नववीच्या पाच मुलांबरोबर केलेल्या एका कामाची हकिगत लिहिते. त्या निमित्ताने आपल्या गावाचा आणि शाळेचा थोडा इतिहास मला नव्याने वाचावा लागला, तोही सांगते.

मुलांना मोबाइलवर लघुपट करायचा होता. एका आंतरशालेय स्पर्धेसाठी विषय ‘अमूर्त कल्पना’ असा होता. वेळ, भीती, स्वातंत्र्य, आशा असं काहीही चालणार होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, चित्रपटातलं मला काहीच कळत नाही. पण ‘ताईंना कॉम्प्युटरवर एडिटिंग येत असेल’ या समजुतीने मुलांनी मला गाठलं. दर दुसऱ्या रविवारी मी गावी यायचं ठरलं.

पहिल्या बैठकीत मुलांनी ‘यश’ हा विषय सुचवला. गोष्टही तयार होती. गरीब मुलगा, रात्री दिव्याखाली अभ्यास, शेवटी लाल दिव्याची गाडी. मी म्हटलं, असे लघुपट ढिगाने येतील. त्यावर कोपऱ्यात बसलेला वसतिगृहातला एक मुलगा म्हणाला, “मग नापास घ्या. त्याच्यावर कोण काढतंय?” हा मुलगा शहरातल्या शाळेत नववी नापास होऊन आपल्याकडे आला होता. सगळे हसले, तोही हसला. विषय तिथेच पक्का झाला.

आता प्रश्न होता, नापास दाखवायचं कसं? लाल शेरा मारलेली गुणपत्रिका दाखवता येते, रडणारा मुलगा दाखवता येतो. पण ती नापास झाल्याची खूण झाली. नापास होणं म्हणजे काय, हे त्यात येत नाही. तेव्हा मी मुलांना आणि स्वतःलाही गृहपाठ दिला, की आधी या शब्दाचाच इतिहास काढू.

शब्द मोठा मजेशीर आहे. ‘नालायक’, ‘नाराज’, ‘नापसंत’ यांतला फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांची ही जोडी. म्हणजे इंग्रजी परीक्षा आल्याशिवाय हा शब्द तयार होणं शक्यच नव्हतं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. पण परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेक जण मात्र नापास झाले होते. पहिल्याच परीक्षेपासून पास होणाऱ्यांची नावं राहिली आणि नापासांची फक्त संख्या राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. पुढे २०१९ साली त्यात बदल करून राज्यांना पाचवी-आठवीच्या परीक्षेची मोकळीक दिली गेली. म्हणजे माणसाला नापास म्हणायचं की नाही, यावर देशाची संसदसुद्धा अजून दोन मनांनी विचार करते आहे.

मग आपल्या गावाकडे वळलो. राळेगणला पहिली शाळा १९३२ साली आली, एका खोलीची. १९६२ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने आणखी खोल्या बांधल्या. १९७१ साली गावची लोकसंख्या बाराशेच्या आसपास होती आणि लिहिता-वाचता येणारे पुरुष २९० होते, बायका ७२. प्राथमिकच्या पुढे शिकायचं तर मुलगे शिरूरला किंवा पारनेरला जात. मुलींची शाळा तिथेच संपे. माझी आत्या त्यातलीच. तिचा नंबर पहिला असायचा, पण पुढचा वर्गच नव्हता. तिला नापास कुणी केलं? परीक्षेने तर नाहीच.

अण्णा सैन्यातून १९७५ साली गावी परतले, स्वतःच्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराचं काम सुरू केलं, तिथून पुढचं सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. १९७६ मध्ये बालवाडी निघाली, १९७९ साली संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि माध्यमिक शाळा सुरू झाली. बाकीच्या शाळा टक्केवारी बघून प्रवेश देत असताना आपल्याकडे वसतिगृहात नापास झालेल्या, घरच्यांनी हात टेकलेल्या मुलांना आधी घेत. आपल्या वर्गातले वसतिगृहाचे मित्र आठवा. सुरुवातीला गावातली आम्ही पोरं त्यांना जरा वचकूनच असायचो. दहावीपर्यंत कबड्डीच्या संघात आणि वर्गात ते आणि आपण असा फरकच उरला नाही.

या वाचनातच आम्हाला आमची फिल्म सापडली, आणि ती शाळेत सापडली नाही, तलावात सापडली.

आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही लहरी. गावाजवळचा पाझर तलाव आधीच बांधलेला होता, पण त्याचा बांध गळका होता. पाणी थांबत नव्हतं, वाहून जायचं. तलाव नापास म्हणून सोडून दिलेला. अण्णांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि तलावाच्या खालच्या अंगाला असलेल्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी आलं. लोकांच्या आठवणीत तसं पहिल्यांदाच झालं होतं. नालाबांध, समतल चर, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे सगळं पुढचं. पण माणसांचा विश्वास बसला तो या सात विहिरींमुळे.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. मी मुलांना विचारलं, दुरुस्त केलेला पाझर तलाव उन्हाळ्यात भरलेला दिसायला हवा की कोरडा? पाचही जण म्हणाले, भरलेला. मी म्हटलं, नीट विचार करा. पाझर तलावाचं काम पाणी साठवून ठेवायचं नाही, जमिनीत सोडायचं आहे. गळक्या बांधातून पाणी ओढ्याला लागून निघून जातं. चांगल्या तलावातून ते तळातून खाली मुरतं आणि विहिरीत येतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही तलाव उन्हाळ्यात रिकामेच दिसतात. पास कोण आणि नापास कोण, हे तलावाकडे बघून कळत नाही. विहिरीत डोकवावं लागतं.

वसतिगृहातला तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे गुणपत्रिका तलावाची असते.” आमची पटकथा त्या एका वाक्यावर उभी राहिली. फिल्मचं नाव ठरलं ‘पाझर’.

तलाव हळूहळू आटताना दाखवायचा कसा, याचं उत्तर दादासाहेब फाळक्यांनी देऊन ठेवलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ साली, भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्म केली, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात दाण्याचा वेल झाला. वाढ ही अमूर्त गोष्ट फाळक्यांनी एका कुंडीत दाखवली. आम्हीही बांधावर एका दगडाला चुन्याची खूण केली आणि जानेवारीपासून रोज शाळा सुटल्यावर त्याच जागेवरून एक फोटो काढायचा नेम धरला. दर रविवारी दोराला गाठी मारून विहिरीचं पाणी मोजायचं. फोटो चार दिवस चुकले, त्या जागी फिल्ममध्ये पाणी एकदम खाली उडी मारतं. ते आम्ही तसंच ठेवलं.

दुसरा धडा रशियातल्या लेव्ह कुलेशोव्हचा. शंभर वर्षांपूर्वी त्याने एका नटाचा तोच चेहरा कधी सूपाच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा दुःख दिसलं. मुलांनी वर्गातल्या एका मुलीचा चेहरा भाकरीला, मग हार घातलेल्या फोटोला आणि मग गुणपत्रिकेला जोडला. तिने काहीच अभिनय केलेला नव्हता, तरी वर्ग तीन वेळा तीन गोष्टी बोलला. मुलं त्या दिवशी इतकी हरखली की जेवायची वेळ विसरली.

आपल्या नगरचंही उदाहरण समोर होतं. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे. त्यात कुणी विषमता हा शब्द समजावून सांगत बसत नाही. एक मुलगा आहे आणि त्याला हवी असलेली एक गोष्ट आहे, बस. आमच्या पहिल्या मसुद्यात निवेदकाची चार पानी भाषणं होती. ‘पिस्तुल्या’वर बोलल्यानंतर मुलांनी स्वतःच ती काढून टाकली.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग माझ्याकडून चूक झाली.

तलाव आणि विहीर यांच्या मध्ये गुणपत्रिकेचं एक दृश्य हवं होतं. मुलांनी वसतिगृहातल्या त्या मुलाची खरी गुणपत्रिका घ्यायची ठरवली, आणि मीही म्हटलं, “खरी असेल तर परिणाम होईल.” त्याला विचारलं ते सगळ्यांसमोर. तो हो म्हणाला. पुढचे दोन रविवार तो आला नाही. पोट दुखतंय, असं कळलं.

तिसऱ्या रविवारी मी त्याला वसतिगृहाच्या ओट्यावर गाठलं. तो थोडं बोलला, मग विचारलं, “ताई, तुम्ही कधी नापास झालात?” माझ्या तोंडून पटकन “नाही” गेलं. तो म्हणाला, “मग तुम्हाला नाही कळायचं.” त्यात राग नव्हता, फक्त माहिती दिल्यासारखं.

मित्रांनो, ते ‘नाही’ खोटं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी एम-थ्रीमध्ये नापास झाले होते. शंभरात ३१. माझी फी भरायला आत्याने दोन शेळ्या विकल्या होत्या, त्यामुळे घरी सांगायची हिंमत झाली नाही. सहा महिन्यांनी पेपर सोडवला आणि विषय मिटवला. वीस वर्षांहून जास्त काळ गावात कुणालाही सांगितलं नाही. शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमात ‘आपल्या शाळेची हुशार विद्यार्थिनी’ म्हणून नारळ आणि शाल घेतली. नापास या विषयावर मी मुलांना दोन महिने शिकवत होते आणि माझं स्वतःचं नापासपण पुण्यातल्या कपाटात फाइलमध्ये ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी ती फाइल घेऊन आले. आधी त्या मुलाला एकट्याला दाखवली. त्याने गुण वाचले, मग म्हणाला, “मला गणितात तेहतीस होते. तुमच्यापेक्षा दोन जास्त.” आणि हसला. फिल्ममध्ये दिसते ती गुणपत्रिका माझी आहे. नाव झाकू का, असं मुलांनी विचारलं. मी नको म्हटलं.

मार्चच्या शेवटी तलावाचा तळ उघडा पडला. त्याच आठवड्यात विहिरीचा शॉट घेतला. दोर खाली जातो, जातो, जातो, आणि शेवटी पाण्याचा आवाज येतो. वाऱ्यामुळे आवाज नीट मिळेना, म्हणून पहाटे साडेपाचला पुन्हा गेलो. दोर सोडणारे हात त्या मुलाचे आहेत. त्याचा चेहरा फिल्ममध्ये कुठेच नाही, ही अट त्याने घातली आणि आम्ही पाळली.

स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. “म्हणजे आपली फिल्मपण नापास,” असं एकाने म्हटल्यावर सगळे खो-खो हसले. शाळेच्या हॉलमध्ये ती दाखवली तेव्हा आत्या शिरूरहून आली होती. गुणपत्रिकेवर माझं नाव तिने मोठ्याने वाचलं, कारण तिला वाचता येतं, फक्त पुढचा वर्ग नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाली, “एवढंच होतं होय? तेव्हाच सांगायचं की. सहा महिने नीट जेवली नसशील.” आणि मग, “पुढच्या वेळी मला घ्या पिक्चरमध्ये. मी तर परीक्षेलाच बसले नाही, माझी गुणपत्रिका कोरी दाखवा.”

मुलांनी ती सूचना वहीत लिहून घेतली आहे. पुढच्या फिल्मचं काम दिवाळीनंतर सुरू होईल.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी दुपारी ‘पाझर’ दाखवणार आहोत. सहा मिनिटांची आहे, जेवणाआधी उरकेल. आपल्या बॅचमधले वसतिगृहाचे जे मित्र कधी ‘आपण नापास म्हणून आलो होतो’ या संकोचाने मेळाव्याला येत नाहीत, त्यांना हा लेख दाखवा आणि घेऊन या. मी माझी फाइल बरोबर आणते आहे.