कर्णेश्वर मंदिर (शिल्पे)

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, कसबा या गावी असलेले मध्ययुगीन शिवमंदिर. काळ्या पाषाणातील कोरीवकामासाठी ते प्रसिद्ध आहे. चिपळूण तालुक्यातील सावर्ड्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघाले की संगमेश्वर लागते. तेथून थोडे आत, अलकनंदा व वरुणा या नद्यांच्या संगमाजवळ कसबा वसले आहे. जांभ्याचा आणि लाकडाचा वापर करणाऱ्या दक्षिण कोकणात आतून-बाहेरून कोरलेले दगडी मंदिर विरळाच आढळते. त्यामुळे कोकणच्या शिल्पेतिहासात कर्णेश्वराचे स्थान वेगळे आहे.

नाव व परंपरा
सह्याद्रिखंडातील कथेनुसार या जागेचे जुने नाव रामक्षेत्र असून येथील मूळ देवळे भार्गवरामाने, म्हणजे परशुरामाने बांधली. पुढे करवीरहून, म्हणजे कोल्हापूरहून आलेल्या कर्ण नावाच्या चालुक्य राजाने येथे राजधानी केली, किल्ला, वाडे व देवळे उभारली आणि त्यावरून देवाला कर्णेश्वर हे नाव पडले, अशी परंपरा आहे. ब्रिटिश अमदानीतील रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरने ही हकिकत नोंदवताना कर्णाचा काळ सातवे शतक दिला आहे आणि मंदिराचे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाशी काहीसे साम्य असल्याचेही म्हटले आहे. आज उभ्या असलेल्या वास्तूची घडण मात्र त्यानंतरची आहे. स्तंभांची ठेवण, छतांचे कोरीवकाम आणि शिखर यांवरून ती साधारणपणे अकराव्या ते तेराव्या शतकांतील मानली जाते. त्या काळात कोकणावर आणि लगतच्या घाटमाथ्यावर शिलाहारांच्या निरनिराळ्या शाखांची सत्ता होती. दक्षिण कोकणच्या शाखेतील रट्टराजाचा खारेपाटण ताम्रपट शके ९३० (इ. स. १००८) चा आहे. कोल्हापूर शाखेतील दुसऱ्या भोजाचा शके १११३ (इ. स. ११९१) चा ताम्रपट राजापूर तालुक्यातील कशेळी येथे मिळाला आहे.

लोकांच्या तोंडी मंदिराचा संबंध महाभारताशी जोडला जातो. कोणी ते कर्णाचे म्हणतात, कोणी पांडवांचे. येथील ताटासारख्या गोल दगडी नक्षीला ‘पांडवांनी पालथी घातलेली ताटे’ म्हणतात. येथली अक्षरे जो वाचील त्यालाच ही ताटे उलथता येतील, अशी पुस्तीही या कथेला जोडलेली आहे. कोणी बांधले याची आठवण पुसली गेली की मोठे दगडी काम पांडवांच्या नावावर जमा होते. महाराष्ट्रभर लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणण्यामागे हीच रीत आहे.

दगड
रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर जांभा पसरलेला आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज चिरता येतो, आणि वारा लागला की कडक होतो. म्हणून घरे, विहिरी, गडगे, पाखाड्या या सगळ्यांसाठी कोकणी माणसाने जांभ्याचा चिरा वापरला. पण जांभा सच्छिद्र व भरड असतो. त्यात नाक-डोळे, बोटे, दागिन्यांचे मणी कोरले तर कडा टिकत नाहीत. त्याच्या सपाट पृष्ठावर रेषा खोदता येतात; जिल्ह्यातील उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील प्रागैतिहासिक कातळशिल्पे अशा रेषांचीच आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या कातळशिल्पांची नोंद झाली. उठावाच्या मूर्तीसाठी मात्र काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लागतो. जांभ्याच्या थराखाली तो असतोच, आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे नद्यांनी पात्रे खोल कोरली आहेत तेथे तो उघडा पडतो.

यामुळे कोकणात एक वेगळीच विभागणी झाली. गाभाऱ्यातील मूर्ती काळ्या दगडाची असे. देऊळ मात्र जांभ्याच्या भिंतींचे, लाकडी खांबांचे आणि उतरत्या कौलारू छपराचे बांधले जाई. चिपळूण तालुक्यातील बिवलीची लक्ष्मीकेशवाची मूर्ती आणि रत्नागिरीजवळच्या कोळिसरे येथील लक्ष्मीकेशव ही या परंपरेतील नावाजलेली उदाहरणे आहेत. पद्म, शंख, चक्र, गदा हा केशवाचा आयुधक्रम, मागची प्रभावळ, पायाशी सेवक असे सगळे बारकावे मूर्तीत उतरत. भिंती कोऱ्याच राहत. कर्णेश्वरात ही विभागणी दिसत नाही. येथे मूर्ती कोरणाऱ्या हातांनी खांब, छत आणि भिंतही कोरली आहे.

रचना
सभामंडप, अंतराळ व गर्भगृह हा येथील क्रम. गर्भगृहात शिवलिंग आहे. अशा मंदिरांना मराठीत सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची पद्धत आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला आणि चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्याची पद्धत त्याच्या आधीपासून रूढ होती. तेव्हा हे नाव सोयीचे असले तरी त्यावरून काळ ठरत नाही.

या प्रकारच्या वास्तूत शिल्पाची जागा ठरलेली असते. जोत्यावर आडवे थर, त्यावर जंघेच्या म्हणजे मुख्य भिंतीच्या कोनाड्यांत देवता, वर शिखर, आमलक आणि कळस. आत शिरताना द्वारशाखांवर वेली व द्वारपाल, चौकटीच्या मध्यभागी ललाटबिंब, पायाशी उंबरा व अर्धवर्तुळाकार चंद्रशिला. सभामंडपाच्या मधोमध गोल किंवा चौकोनी रंगशिळा, आणि नेमके तिच्यावर छताचे सर्वांत घनदाट काम. पाहणाऱ्याची नजर कोठे जाईल आणि मान कोठे वर होईल, याचा विचार करूनच कारागीर शिल्पांच्या जागा ठरवत.

प्रमुख शिल्पे
शेषशायी विष्णू : शिवाच्या देवळात विष्णूचा शिल्पपट असणे मध्ययुगीन महाराष्ट्रात नवल नव्हते. शेषाच्या वेटोळ्यांवर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव अशी ही मांडणी. आडव्या दगडी पट्टीत बसवण्यास ती फार सोयीची असते. अशा पटाला दशावतारांची जोड देण्याची प्रथा आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा क्रम ओळखीच्या खुणांवरून वाचता येतो.

अष्टदिक्पाल : छतावर आठ दिशांचे आठ रक्षक कोरण्याची पद्धत आहे. पूर्वेस हत्तीवर इंद्र, आग्नेयेस मेंढ्यावर अग्नी, दक्षिणेस रेड्यावर यम, नैर्ऋत्येस नरवाहन निर्ऋती, पश्चिमेस मकरावर वरुण, वायव्येस हरणावर वायू, उत्तरेस कुबेर आणि ईशान्येस नंदीवर ईशान. मूर्ती झिजली तरी वाहनावरून ती ओळखता येते, आणि एक ओळखली की बाकीच्या सात दिशा आपोआप लागतात. असे छत म्हणजे दगडी होकायंत्रच.

कीर्तिमुख : वटारलेले डोळे, फाकलेला वरचा जबडा, खालचा जबडा आणि धड नाही, असा मुखवटा खांबांवर व उंबऱ्यावर दिसतो. त्याची कथा पुराणांत आहे. जालंधर दैत्याने राहूला दूत म्हणून शिवाकडे पाठवले. संतापलेल्या शिवाने त्याला खाण्यासाठी एक भुकेला प्राणी निर्माण केला. राहू शरण आला तेव्हा शिवाने त्या प्राण्याला स्वतःलाच खाण्यास सांगितले. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि केवळ तोंड उरले. त्या आज्ञापालनावर प्रसन्न होऊन शिवाने त्याला आपल्या दाराशी कायमची जागा दिली. म्हणून शिवमंदिरात शिरणारा कीर्तिमुखाला ओलांडून आत जातो.

भारवाहक : स्तंभशीर्षावर तुळईखाली गुडघे मुडपून, हात वर करून बसलेल्या बुटक्या आकृतींना भारवाहक यक्ष किंवा कीचक म्हणतात. छताचे ओझे आपल्यावर असल्यासारखे त्यांचे चेहरे आणि पोटे कोरलेली असतात. वास्तविक वजन खांबातून उतरते, पण ते जाणवते या आकृतींमुळे.

सूर्यनारायण : आवारात सूर्यनारायणाचे लहान मंदिर आहे. दोन हातांत दोन कमळे आणि रथाचे सात घोडे ही सूर्यमूर्तीची ओळख. कशेळीचे कनकादित्य हे सूर्यमंदिर ध्यानात घेता, शिलाहारकालीन रत्नागिरीत सूर्योपासनेचे महत्त्व यावरून लक्षात येते.

तुलना
उत्तर कोकणात याच्या जोडीला ठेवता येईल असे मंदिर अंबरनाथचे. तेथील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील आहे; भिंतींवरील मूर्तींची गर्दी तेथे अधिक. घाटावर कृष्णेकाठच्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर गजथरासाठी आणि मध्यभागी आकाशाला उघड्या असलेल्या स्वर्गमंडपासाठी प्रसिद्ध आहे. कर्णेश्वर या दोहोंपेक्षा लहान असले तरी शिल्पाची तीच भाषा ते सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी बोलते. घाटवाटांनी माल जसा खाडीकडे उतरत होता, तशी ही कलाही उतरली असे म्हणता येते.

यांच्याच सुमारास, बाराव्या शतकात, युरोपातही गावोगावच्या प्रार्थनामंदिरांवर दगडी आकृती कोरल्या जात होत्या. इंग्लंडमधील किल्पेक या खेड्यातील चर्चच्या वळचणीखाली ऐंशीहून अधिक दगडी टेकू आजही आहेत. त्यांवर ससा व कुत्रा, वादक, विचित्र मुखवटे आणि शीला-ना-गिग नावाची निर्लज्ज स्त्रीमूर्तीही आहे. छपराच्या ओझ्याखाली आकृती बसवणे आणि दाराशी भयंकर मुख ठेवणे या दोन्ही गोष्टी तेथेही आढळतात. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांना एकमेकांची वार्ता असणे संभवत नाही. ओझे पेलणाऱ्या जागेला चेहरा द्यावा आणि उंबऱ्यावर राखणदार बसवावा, असे दगड घडवणाऱ्या हातांना स्वतंत्रपणे सुचले असावे.

नंतरचा काळ व जतन
१ फेब्रुवारी १६८९ रोजी मुघल सरदार मुकर्रबखानाने छत्रपती संभाजी महाराजांना संगमेश्वर येथे पकडले. त्या घटनेमुळे कसब्याचे नाव इतिहासात प्रामुख्याने येते, आणि येणाऱ्यांचे लक्ष अनेकदा मंदिरापेक्षा त्या स्मृतीकडे अधिक असते. देवळात पूजाअर्चा चालू असून महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी होते.

जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने ओल धरून बसणाऱ्या दगडावर शेवाळ आणि दगडफूल चढते आणि उन्हाळ्यात वाळून त्याचे पापुद्रे निघतात. काळा पाषाण हे जांभ्यापेक्षा कितीतरी चांगले सोसतो. कोकणातील जुन्या शिल्पांचा पावसापेक्षा अधिक घात होतो तो तैलरंगाने आणि सिमेंटने. भक्तिभावाने दिलेला रंगाचा हात छिन्नीच्या बारीक रेषा बुजवतो, आणि सांध्यात भरलेले सिमेंट दगडातील ओल आतच कोंडते.

सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेचे चित्र-शिल्प कला महाविद्यालय आहे. कोकणातील मुलांना शिल्पकलेचे रीतसर शिक्षण देणारी ही संस्था आणि कर्णेश्वर एकाच महामार्गाच्या पट्ट्यात येतात. माती, लाकूड आणि जांभ्याच्या या मुलखात छिन्नीचे काम अभ्यासू पाहणाऱ्याला सर्वांत जवळचा आणि सर्वांत भरलेला नमुना कसब्यातच मिळतो.