शाळेच्या तपासणीत मन आलं कुठून?

डोणगावच्या शाळेत तपासणीची गाडी येते तेव्हा पोरांना वजनकाटा, दात, डोळे एवढंच ठाऊक असतं. पण डॉक्टरांच्या कार्डावर आणखीही रकाने आहेत: मूल एका जागी टिकतं का, वाचताना अडखळतं का, आणि वयात आलेल्यांसाठी, नेहमी उदास वाटतं का.

शरीराचे आणि मनाचे हे रकाने दोन वेगळ्या घराण्यांतले. साल मात्र एकच, १९०९. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात त्या वर्षी शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. देशातली ती पहिली मानतात. त्याच वर्षी शिकागोत विल्यम हीली यांनी बालन्यायालयात आणलेल्या मुलांना समजून घेण्यासाठी संस्था उघडली. पोर चोरी का करतं, हे एकट्या डॉक्टरला उमगत नाही. त्यातून पुढे बालमार्गदर्शन केंद्रांची रीत पडली: मानसशास्त्रज्ञाने मुलाशी बोलायचं, समाजसेविकेने घर पाहून यायचं, मग डॉक्टरसह सगळ्यांनी एकत्र बसायचं.

ही रीत मुंबईत लवकर पोचली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची ‘टिस’, सुरू झालं आणि १९३७ मध्ये त्याचं बालमार्गदर्शन केंद्र. पण खेड्यापर्यंत ती यायला फार वर्षं गेली. बडोद्याचं घराणंही रेंगाळलंच: शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्यातच जमा, असं देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये नोंदवलं.

दोन्ही घराणी एका कार्डावर आली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये. पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, ही योजना. मुलाभोवती सगळ्यांनी मिळून बसायची तीच जुनी रीत.

मला खटकतं ते पुढचंच. वर्गमित्र रांगेत उभे असताना उदास वाटतं का, याचं खरं उत्तर कुठलं मूल देईल? आणि दिलंच, तर डोणगावहून आधी तालुक्याला मेहकर, मग जिल्ह्याला बुलढाणा. सोबत आईची मजुरी बुडणार. बोलण्याचे उपचार एका फेरीत होत नाहीत, पुनःपुन्हा जावं लागतं. म्हणून ठरलेल्या वारी समुपदेशकानेच मेहकरला यावं, आणि शाळेत तो प्रश्न दार लावून, एकेकाला विचारावा.