चहावरचा पापुद्रा

गोड चहात जिवाणू आणि यीस्ट एकत्र वाढू दिले, की आठवड्या-दोन आठवड्यांत त्यावर सायीसारखा, पण चिवट पापुद्रा धरतो. या आंबवलेल्या चहाला कोम्बुचा म्हणतात. आता त्याचा अर्क चेहऱ्याच्या क्रीममध्येही घालतात. ते सुरक्षित आहे का, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर? उत्तरासाठी आपण या पापुद्र्याचा इतिहास पाहू.

1886 साली इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ एड्रियन ब्राउन यांनी व्हिनेगरवर धरणारा असाच पापुद्रा तपासला. तो सेल्युलोजचा निघाला. कापसात असतो तोच पदार्थ चक्क एक जिवाणू तयार करत होता! या जिवाणूला आज कोमागाटेइबॅक्टर झायलिनस म्हणतात. कोम्बुचात यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवते आणि असे जिवाणू त्याचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात. चहाचा सामू 3 च्या आसपास उतरतो. इतक्या आंबट द्रावणात पुष्कळसे रोगजंतू वाढू शकत नाहीत.

पुढे दोन घटना घडल्या. 1990 मध्ये ब्राझीलमधील फोंताना व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिवाणूंनी बनवलेला सेल्युलोजचा पापुद्रा शुद्ध करून भाजलेल्या त्वचेवर तात्पुरते आवरण म्हणून वापरल्याचे प्रसिद्ध केले. याउलट, 1998 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात इराणमधील वृत्त आले. वेदना कमी व्हाव्यात म्हणून तेथील 20 जणांनी कोम्बुचाचा पापुद्रा त्वचेवर लावला आणि त्यांना त्वचेचा अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली. पापुद्रा अस्वच्छ जागी वाढवलेला होता.

पापुद्रा एकाच जातीचा, मग परिणाम इतके वेगळे का? फरक शुद्धीकरणाचा होता. आम्ल पुष्कळ जंतूंना रोखते. पण अँथ्रॅक्सचे बीजाणू फार चिवट असतात. म्हणून 'आंबट आहे, म्हणजे निर्जंतुक आहे' हा तर्क चुकीचा ठरतो.

क्रीममध्ये जिवंत पापुद्रा नसतो. गाळलेला अर्क थोड्या प्रमाणात असतो आणि सोबत परिरक्षक घातलेले असते. त्याने त्वचा तरुण होते, या दाव्याला माणसांवरील चाचण्यांचा आधार मात्र तोकडा आहे. घरचा कोम्बुचा थेट चेहऱ्यावर लावू नये, असे आम्ही सुचवू. त्वचेचा सामू सुमारे 5 असतो. सामू 3 म्हणजे त्याच्या शंभरपट आम्लता! त्याने त्वचेची आग होऊ शकते; जखम असेल तर संसर्गाचाही धोका असतो.

'नैसर्गिक' हा शब्द दिसला, की तीन प्रश्न विचारायची सवय वर्गात लावू या: यात कोणते सूक्ष्मजीव आहेत? ते कसे काढले? आणि तपासले कोणी?